मायच्या गुडघ्यावर बिब्बा

माय संडासात अडकली त्या सकाळी हे सगळं सुरू झालं. कडी अडकली नव्हती, गुडघा अडकला होता. बसली ती बसली, उठता येईना. लोह्याच्या पुढं, फाट्यावरून दोन किलोमीटर आत आमचं गाव आहे. घरकुलाबरोबर बांधून मिळालेला संडास अंगणाच्या कोपऱ्यात. तीन बाजूंनी गुळगुळीत भिंती, वर पत्रे, समोर पत्र्याचं दार. धरायला काही नाही. तिनं हाका मारल्या नाहीत. लाज वाटली म्हणाली. शेजारची सून कपडे वाळत घालायला आली, तिला दारावर टकटक ऐकू आली. तोवर तास होऊन गेला होता.

शेजारणीचा फोन आला तेव्हा मी चाकूरच्या स्टँडवर होते. मी एसटीत कंडक्टर आहे, नांदेड–लातूर ही माझी लाइन. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून गाडीत पाय ठेवायला जागा नसते आणि मी मशीन डोक्याच्या वर धरून त्यातून पुढं-मागं करते. "बरी हाय आता, चहा पिऊन राहिली," एवढं ऐकलं, फोन ठेवला आणि डबल बेल दिली. मला रडू आलं नाही, राग आला. हाक मारायला काय झालं होतं?

धाकटा भाऊ लातुरात सरकारी कचेरीत आहे. तो दुसऱ्याच दिवशी गावी आला आणि उभ्या उभ्या म्हणाला, "झालं. आता तू एकटी ऱ्हायची न्हाईस. माझ्याकडं चल, न्हाईतर अक्काकडं." अक्का म्हणजे मी, नांदेडला.

"अक्काकडं दोन जिने चढून जाऊ? अन् तुझ्याकडं दिवसभर कुलूप. मी काय टीव्हीसंगं बोलत बसू?" माय म्हणाली.

तिचं न जाण्याचं कारण एवढंच नव्हतं. वडील लवकर गेले. तिनं जन्मभर दुसऱ्याच्या रानात निंदलं, खुरपलं, कापूस वेचला. घरकुलाच्या त्या दोन खोल्या ही तिची पहिली स्वतःची जागा. शिवाय विहाराची किल्ली तिच्याकडं असते. पौर्णिमेला झाडून, सतरंज्या अंथरून, उदबत्ती लावून सगळ्यांना बोलावणं हे तिचं काम. ते कुणी तिला दिलेलं नाही, तिनं घेतलं आणि बाकीच्यांनी सोडून दिलं. लातुरात तिला किल्ली कुणी देणार नव्हतं.

शेवटी भावानं मुदत दिली. "जयंतीपर्यंत बघतो. चौदा एप्रिलला मी येतो. कुणाचा हात न धरता खाली बसून उठून दाखव. जमलं तर ऱ्हा. न्हाई जमलं तर त्याच गाडीत बसायचं."

"कोर्टात हाय का मी?" माय म्हणाली. पण कबूल झाली.

मी माझ्या सुट्टीच्या दिवशी तिला लातूरला हाडांच्या डॉक्टरकडं नेलं. आमच्याच डेपोची गाडी, कंडक्टर ओळखीचा. त्यानं मशीन पुढं करून विचारलं, "मावशी, वय किती?"

"आधार कार्डावर अडुसष्ट. खरं माझ्या मायला ठाऊक, अन् ती गेली."

"पंचाहत्तर झाले की फुकट हाय बघा."

"लई शाणे तुम्ही. गुडघे चांगले होते तवा फुकट नव्हतं, अन् फुकट व्हईल तवा चढायला गुडघे नसतील."

सगळी गाडी हसली. मागच्या बाकावरच्या एका बाईनं लगेच स्वतःच्या गुडघ्याची हकीकत काढली, दुसरीनं तिच्या सासूच्या ऑपरेशनची. अहमदपूर येईपर्यंत गाडीचा दवाखाना झाला होता. प्रत्येकीजवळ उपाय होता. निर्गुडीचा शेक, एरंडाचं पान, लोह्याच्या बाजारातली पुडी. ती पुडी मायच्या पिशवीतही होती, हे मला दवाखान्यात कळलं.

डॉक्टर चाळिशीचे, कमी बोलणारे. त्यांनी एक्स-रे दिव्यावर लावला आणि पेनानं दाखवलं. दोन हाडांच्या मधली गादी, कूर्चा, डाव्या गुडघ्यात जवळजवळ संपली होती. हाडावर हाड घासत होतं. उजव्यात अजून थोडी शिल्लक होती.

"डाव्याला इंजेक्शनानं काही होणार नाही. तो बदलावाच लागेल, आज ना उद्या," ते म्हणाले. "उजव्यात पीआरपी करून बघता येईल. आजींचंच रक्त काढायचं, मशीनमध्ये फिरवायचं, त्यातला प्लेटलेट असलेला पिवळा भाग वेगळा करायचा आणि तो गुडघ्यात सोडायचा. त्यानं सूज आणि दुखणं कमी होतं. काहींना सहा महिने, काहींना वर्ष. काहींना काहीच नाही. झिजलेली गादी परत उगवत नाही, हे आधीच सांगतो."

"म्हंजे ताक घुसळल्यावानी रक्त घुसळायचं," माय म्हणाली, "अन् वरचं लोणी गुडघ्याला."

डॉक्टर पहिल्यांदा हसले. "तसंच काहीसं."

"कुणाचं दुसऱ्याचं न्हाई ना?"

"नाही. तुमचंच."

"मग करा."

ऑपरेशनला ती तयार नव्हती. महिनाभर दुसऱ्याच्या हातचं खावं लागेल म्हणून. रक्त तिचं होतं, गुडघा तिचा होता, हा व्यवहार तिला पटला. मी विचारलं, फरक कधी कळेल? एक-दीड महिना, ते म्हणाले. मी मनात हिशेब केला. फेब्रुवारीच्या अखेरीस इंजेक्शन दिलं तर चौदा एप्रिलपर्यंत बरोबर बसत होतं.

मग त्यांनी नियम सांगितले. आधी दहा दिवस आणि नंतर दोन आठवडे दुखण्याच्या गोळ्या बंद. त्या गोळ्या प्लेटलेटचं कामच बिघडवतात. पुडी तर कायमची बंद. त्यात काय असतं ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. फारच दुखलं तर तापाची साधी गोळी घ्यायची. मी सगळं केसपेपरच्या मागं लिहून घेतलं. लिहिलेलं पाळायची मला सवय आहे.

ते दहा दिवस मी तिला नांदेडला माझ्याकडं ठेवलं. गावात ठेवली असती तर तिनं गोळ्या घेतल्या असत्या. दोन जिने ती उलटी बसून, एकेक पायरी मागं सरकत चढली. मी खाली उभी राहून तिची पिशवी धरली होती. वर आल्यावर पिशवीतली पाकिटं काढली, मोजली आणि माझ्या कॅशबॅगेत टाकली. ती बॅग दिवसभर माझ्या खांद्यावर असते, तेव्हा प्रश्नच मिटला.

"चोर धरल्यावानी करू नको," ती म्हणाली.

"जयंतीला लातूरला जायचंय का तुला?"

तिनं पिशवीचं तोंड बांधलं.

चार दिवस बरे गेले. पाचव्यापासून तिचा चेहरा उतरला. तापाची गोळी दिली तर म्हणाली, ताप नाही तर तापाची गोळी गुडघ्याला काय सांगणार? ती कण्हत नव्हती. मी घरात असले की ओठ आवळून बसायची. स्वयंपाकघरात पाण्याला जाताना भिंतीला हात लावत जायची आणि मी बघितलं की हात काढून घ्यायची. मला ते बघवत नव्हतं, असं लिहिलं तर बरं दिसेल. खरं म्हणजे मला त्याचा त्रास होत होता आणि मला त्रास झाला की मी काहीतरी करते. नुसतं बसणं मला येत नाही.

सातव्या दिवशी लोह्याच्या स्टँडवर गाडी थांबली होती. सुया, दाभण, मणी विकणारी एक बाई तिथं नेहमी बसते. तिच्या टोपलीत बिब्बे होते. लहानपणी पायात काटा मोडला, टाच ठणकली की माय सुईला बिब्बा टोचून दिव्यावर धरायची आणि निघालेल्या तेलाचा चटका द्यायची. ठणका थांबायचा. मी चार बिब्बे घेतले. माझा विचार सरळ होता. गोळी पोटातून रक्तात जाते आणि रक्तच तर काढायचं आहे, म्हणून गोळी नको. बिब्बा कातडीच्या वर राहतो. रक्ताचा आणि त्याचा संबंध काय?

घरी येऊन मी दिवा लावला. मायनं बिब्बे बघितले.

"डाक्टरला इचारलंस का?"

"गोळीचं विचारलं होतं. बिब्ब्याचं काय विचारायचं? वरून तर लावायचाय."

"मला उततो गं कधी कधी."

"तू आम्हाला लावायचीस तेव्हा उतला का कधी?"

"तुमची कातडी लेकरांची होती."

"पाय लांब कर," मी म्हणाले.

तिनं पाय लांब केला. मी तिळाच्या तेलाचा हात फिरवला आणि उजव्या गुडघ्याभोवती बिब्ब्याचे ठिपके दिले. दोन्ही बाजूंना आणि वाटीच्या वर. इंजेक्शन ज्या गुडघ्यात द्यायचं होतं त्यालाच, कारण दुखणं थांबवायचं ते त्याचंच. अर्ध्या तासानं ती म्हणाली, "हाव, जरा बरं वाटून राहिलं." मी हात साबणानं दोनदा धुतले आणि भाकरी टाकायला बसले. काम झालं होतं.

पुढचे दोन दिवस माझी पहाटेची ड्युटी होती. मी साडेचारला निघायचे. ती म्हणायची, आंघोळ माझी मी केली, जेवण झालं, तू आपलं काम बघ. लुगड्याचा काठ तिनं घोट्यापर्यंत ओढलेला असायचा. एकदा मी विचारलं, "गुडघा कसा हाय?" "हाय तिथंच हाय," ती म्हणाली. मला तिचं उत्तर आवडलं, मी हसले आणि पुढं विचारलं नाही.

लातूरच्या दवाखान्यात पहिल्या खोलीत नर्सनं तिच्या दंडातून रक्त काढलं. नळ्या भरल्या, मशीनमध्ये ठेवल्या. मायनं मशीनच्या आवाजाकडं कान दिला. "गिरणी हाय बारकी," म्हणाली. थोड्या वेळानं नर्सनं नळी उजेडात धरून दाखवली. खाली लाल, वर फिकट पिवळं, करडईच्या तेलासारखं. त्यातलं वरचं तिनं सिरिंजमध्ये ओढून घेतलं. माय त्याकडं बराच वेळ बघत राहिली. आपल्या अंगात असं काही होतं याचं तिला बरं वाटलं असावं.

मग तिला आतल्या टेबलावर झोपवलं. नर्स म्हणाली, "आजी, लुगडं वर घ्या."

माय हलली नाही. नर्सनं स्वतःच काठ वर केला.

बिब्बा उतला होता. जिथं जिथं मी ठिपके दिले होते तिथं फोड आले होते. काही फुटून ओले झालेले, भोवतीची कातडी लालभडक. लुगड्याला चिकटू नये म्हणून तिनं जुन्या ओढणीची पट्टी बांधली होती. ती माझीच ओढणी होती.

डॉक्टर हातमोजे घालून आले, वाकून बघितलं आणि हातमोजे काढले.

"हे कुणी केलं?"

मी तोंड उघडलं. माझ्याआधी माय बोलली.

"मीच लावला, डाक्टरसाहेब. पोरगी ड्युटीवर होती. तिला ठाऊक न्हाई."

इतकं सरळ. डोळ्याला डोळा भिडवून. दिवसात शंभर माणसं मला सांगतात की लेकरू अजून पाच वर्षांचं झालं नाही, तिकीट लागत नाही, आणि मी पोराची उंची बघून ओळखते कोण खोटं बोलतंय. मला ठाऊक नसतं तर मायचं बोलणं मीही खरं धरलं असतं.

"तुमचं लक्ष नव्हतं का?" डॉक्टरांनी मला विचारलं.

"नव्हतं," मी म्हणाले.

त्यांनी आवाज चढवला नाही. म्हणाले, अशा कातडीतून सुई घातली तर जंतू सांध्यात जातील, मग गुडघा नाही, पाय वाचवायची वेळ येईल. जखमा पूर्ण भरल्याशिवाय काही करता येणार नाही. तीन-चार आठवडे. तोवर मलम. काढलेलं ठेवता येत नाही.

नर्सनं ती पिवळी सिरिंज आणि उरलेल्या नळ्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. माय टेबलावरून बघत होती.

"फेकलं?" तिनं विचारलं.

"टाकावंच लागतं, आजी."

"अंगातलं काढलेलं असं फेकायचं," ती म्हणाली.

परतीच्या गाडीत आम्ही शेजारी शेजारी बसलो. चाकूर गेलं. मी म्हणाले, "तू खोटं कशाला बोललीस?"

"तुला शिकलेली समजतो तो. तसंच ऱ्हाऊ दे."

"मला बोलायचं होतं."

"मग बोलायचं होतंस. मी काय तोंड दाबलं होतं?"

मी तिची पिशवी माझ्या मांडीवर घेतली.

दिवस हातातून गेले होते. वीस मार्चच्या आसपास फोड भरले, काळे डाग राहिले. पुन्हा दहा दिवस माझ्याकडं, गोळ्या बंद. या वेळी मी कॅशबॅगेत काही ठेवलं नाही. पाकिटं तिच्या उशाशीच होती आणि तिनं एकालाही हात लावला नाही. पुन्हा रक्त, पुन्हा गिरणी. या वेळी सुई आत गेली. मायनं टेबलाची कड धरली आणि छताकडं बघत राहिली. डॉक्टर पट्टी लावत असताना मी म्हणाले, "मागच्या वेळचा तो बिब्बा मी लावला होता. आईनं नाही."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "कोणता बिब्बा?" मग केसपेपर उलटून म्हणाले, "अच्छा, ते. आता कातडी ठीक आहे." आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

बाहेर आल्यावर माय चिडली. "मी दिलेली साक्ष खोटी पाडलीस. काय मिळालं?"

खरंच, काही मिळालं नाही.

जयंतीला जेमतेम दोन आठवडे राहिले होते. डॉक्टरांच्या हिशेबानं फरक कळायलाच मे उजाडणार होता. मी भावाला फोन करून म्हणाले, मुदत वाढव. तो म्हणाला, "का? उशीर कशानं झाला?" मी म्हणाले, कातडीला काहीतरी झालं होतं. "मग ते तिचं नशीब. ती परत तिथं अडकली अन् शेजारी कुणी नसलं तर? मला सांग, तुला चालेल का?" तो चुकीचं बोलत नव्हता. म्हणूनच मी फोन ठेवला.

चौदा तारखेला मी सकाळी पोचले. विहार तिनं आदल्या दिवशीच झाडून घेतला होता. दारात निळ्या पताका होत्या, पोरं स्पीकर तपासत होती. माय पांढरं लुगडं नेसून किल्ली कमरेला खोचून फिरत होती. चालणं पूर्वीपेक्षा सरळ वाटलं, पण मला तसं वाटावंसं वाटत होतं, तेव्हा माझ्या वाटण्याला अर्थ नव्हता.

भाऊ दहाला आला. वंदना झाली. माय सतरंजीवर न बसता मागं खुर्चीवर बसली. घरी आल्यावर त्यानं कोपऱ्यातला पाट ओढला आणि मधोमध ठेवला.

"हं."

"चहा तरी पी," माय म्हणाली.

"आधी हे."

ती पाटावर बसली. दोन्ही हात मांडीवर ठेवले. भाऊ समोर, मी दाराशी. ती पुढं वाकली, उजव्या पायावर भार घेतला, तोंडातून आवाज काढला नाही आणि उठली. एकदा डोललं तिचं अंग, मग थांबलं. हात कशालाच लागला नव्हता.

"झालं समाधान?" तिनं विचारलं. कपाळावर घाम होता. एप्रिल होता, घाम सगळ्यांनाच होता.

"अन् संडासात? पाट उंच हाय, तिथं त्याहून खाली बसावं लागतं."

"जमतं तिथं पन."

भाऊ चहाला बसला. मी तांब्या घेतला आणि संडासात गेले.

दार लावल्यावर दिसलं. छताच्या पत्र्याखालच्या लोखंडी अँगलला जुन्या लुगड्याचा पीळ बांधला होता. मनगटाएवढा जाड, खाली बसलेल्या माणसाच्या हाताला येईल इतका लांब. टोकाला एकावर एक दोन गाठी, पकड सुटू नये म्हणून. गाठींचं कापड काळं, मऊ पडलं होतं. आठ-दहा दिवसांचं ते काम नव्हतं. अडकली त्या दिवसानंतर लगेच बांधला असावा. दवाखान्याला निघण्याच्याही आधी.

मी पीळ धरून पूर्ण अंगाचा भार टाकला. अँगल करकरला, पण हलला नाही. गाठ सरकत होती. मी ती सोडली आणि नव्यानं मारली, गाडीच्या टपावर सामान बांधतात तशी. गावातल्या गवंड्याला गाठून भिंतीत गज बसवून घ्यायचा, भाऊ गेल्यावर, हेही तिथंच ठरवलं. इंजेक्शनानं तिला आराम पडला का, हे मला माहीत नाही. विचारलं तर ती हो म्हणेल, आणि तिच्या हो म्हणण्यावरून मला आता काही कळणार नाही.

घरात आले. भाऊ कप ठेवून उठला होता, गाडीची किल्ली हातात.

"अक्का, तू आत जाऊन आलीस. तिथं जमतं का तिला? खरं सांग."

माय ओट्यापुढं पाठमोरी उभी होती. ती वळली नाही, पण भांडं घासणारा तिचा हात थांबला.

"जमतं," मी म्हणाले. "मी बघितलं."